तबला: व्हिडिओवर शिकू, की पंढरपूरला जाऊ?

पत्र, थोडक्यात:

"मी ४१ वर्षांचा, सांगोला तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक आहे. दहा महिन्यांपूर्वी तबला-डग्ग्याची जोडी आणली आणि यूट्यूबवरून शिकायला लागलो. तीनताल, केरवा, दादरा, रूपक, झपताल येतात, दोन कायदे (बोलांच्या ठरीव रचना) पाठ आहेत. पण 'ना' हा बोल वाजत नाही, नुसता टप असा आवाज येतो. डग्गा घुमत नाही, उलट डावं मनगट दुखतं. घरी व्हिडिओबरोबर सगळं जमतं, पण गावच्या भजनात बसलो की लय पळते आणि बुवा पेटीवरून माझ्याकडे बघायला लागतात. पंढरपूरला एक गुरुजी आहेत. तासाचे तीनशे घेतात, जाण्यायेण्यात आणि चहात दोनशे जातात. त्यांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, 'हात सोडवावा लागेल, पहिल्यापासून घेऊ.' दर आठवड्याला जाणं नोकरीमुळे जमणार नाही. दुसरीकडे एक ऑनलाइन कोर्स आहे, वर्षाचे बारा हजार. काय करू? दहा महिने वाया गेले का? सोबत दीड मिनिटाची क्लिप पाठवतोय."

सप्रेम नमस्कार.

क्लिप तीनदा ऐकली, एकदा फोनच्या स्पीकरवर आणि दोनदा हेडफोन लावून. असं का, ते पुढे येईलच. उत्तर आधी सांगून टाकतो: पंढरपूरला जा, महिन्यातून दोनदा. कोर्स आत्ता घेऊ नका. व्हिडिओ बंद करू नका, त्यांच्याकडून वेगळं काम घ्या. पैशांचा हिशेब तुमच्याच पत्रात आहे. एका फेरीचे पाचशे, महिन्याच्या दोन फेऱ्या, वर्षाच्या चोवीस. बारा हजारच होतात.

दहा महिने वाया गेलेले नाहीत. क्लिपमध्ये तीनतालाची सोळा मात्रांची (ठोक्यांची) चौकट पक्की ऐकू येते. दहाव्या मात्रेला डग्गा न चुकता बंद होतो आणि चौदाव्याला उघडतो. कित्येकजण खाली (टाळी न देता हात उघडा ठेवायची जागा) नवव्या मात्रेवर असते म्हणून डग्गाही तिथेच बंद करतात, किंवा तेराव्यालाच उघडून बसतात. तुमचं तसं होत नाही, म्हणजे ठेका (तालाचे ठरलेले बोल) डोक्यात बसलाय आणि हे काम व्हिडिओने चांगलं केलंय. बिघाड हातात आहे. गुरुजी 'पहिल्यापासून' म्हणाले ते हाताबद्दल, ताल पुन्हा पाठ करायला ते सांगणार नाहीत. अडीच-तीन महिन्यांचं काम समजा.

आता 'ना'. बाकीचं निम्मं दुखणं त्यातच आहे, कारण तीनतालातल्या ता आणि धा या दोन्हींत उजव्या हाताचा घाव हाच असतो. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला, शाई आणि मैदान (तिच्याभोवतीचं उघडं चामडं) मिळतात तिथे टेकलेली. करंगळी तिच्या सोबतीला. मधलं बोट हवेत. तर्जनी पहिल्या पेराने चाटेवर (काठाच्या चामडी पट्टीवर) पडते आणि पडल्या पडल्या सुटते. यात अनामिकेचं काम नाजूक आहे. पुडी (तबल्यावरचं सगळं चामडं) मोकळी वाजवली तर एक जड, खालचा स्वर घुमतो. अनामिका हलकी टेकली की तो गप्प होतो आणि वरचा स्वच्छ, टणक स्वर मोकळा राहतो. तोच आपला 'ना'. दाब वाढला की तोही मरतो आणि खाली लाकूड ठोकल्यासारखा टप उरतो.

तुमच्या क्लिपमध्ये पहिले चार-पाच ना बरे आहेत. मग लय चढते, खांदा आवळतो, पंजाचा सगळा भार अनामिकेवर येतो आणि पंधराव्या सेकंदाला टप सुरू होतो. आता गंमत बघा. व्हिडिओतल्या गुरुजींची अनामिका ज्या जागी आहे त्याच जागी तुमचीही आहे. नक्कल चोख आहे. फरक वजनाचा आहे आणि वजन कॅमेऱ्यात उतरत नाही. व्हिडिओ मंद करून बघितला तरी फारसं हाती लागत नाही. साधारण व्हिडिओत सेकंदाला तीस चित्रं असतात, म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांना एक. बोट चाटेला टेकून सुटतं ते त्याहून कमी वेळात. गती अर्धी केली की घावाआधीचं आणि नंतरचं हळू दिसतं, मधला सुटण्याचा क्षण त्या चित्रांत धड पकडलेलाच नसतो. समोर बसलेले गुरुजी तुमच्या अनामिकेखाली स्वतःचं बोट सरकवतात, 'सैल, अजून सैल' म्हणतात, आणि दहा सेकंदांत तुम्हाला कळतं की सैल म्हणजे किती सैल.

तोवर घरी हे करा. अनामिका मुद्दाम जोरात दाबून ना वाजवा: टप. मग दर घावाला दाब थोडा थोडा कमी करत जा. एका टप्प्यावर स्वर उघडतो. तसंच कमी करत राहा, अनामिका जवळजवळ उचलली जाईल आणि आवाज पसरट, मोकाट होईल. या दोन टोकांच्या मधली जागा बोटाला लक्षात राहिली पाहिजे. मिनिटाला ६० च्या लयीत चाळीस ना वाजवा, फोन दोन-तीन फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा आणि ऐकताना स्वच्छ किती ते मोजा. सुरुवातीला बारा-पंधरा निघाले तरी चालेल. पस्तीस निघेपर्यंत लय ६० च्या वर नेऊ नका. रोज पाच मिनिटं, जास्त नको, नाहीतर बोट बधिर होतं आणि पुन्हा दाबायला लागतं.

दोष दर वेळी हाताचाच असतो असंही नाही. तुमच्या क्लिपमध्ये 'ना'चा स्वर डुलतो, वाँव-वाँव असा हेलकावतो. याचा अर्थ पुडी सगळीकडून सारखी चढलेली नाही. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये दाखवलं होतं की इतर चामडी वाद्यांचे उपस्वर बेसूर विखुरतात, पण तबल्यासारख्या वाद्यात शाईच्या भारामुळे ते मूळ स्वराशी मेळ धरतात. हा मेळ टिकायला ताण मात्र सगळीकडे सारखा लागतो. समोरासमोरच्या घरांत (गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या काठाच्या विणलेल्या कड्यावर, पडलेल्या भागांत) फरक पडला की दोन जवळजवळचे स्वर एकदम वाजतात आणि आवाज डुलतो. बिचारा शिकणारा महिनाभर हात सुधारत बसतो आणि चूक गजऱ्यात असते.

तबला लावायला शिकणं तुम्ही पुढे ढकललंय, ते आता घ्या. पुडीला सोळा घरं, खाली आठ गट्टे (चामडी पट्ट्यांत अडकवलेले लाकडी ठोकळे). तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा. ज्या घरापाशी ना सगळ्यात बरोबर वाटतो ते पहिलं धरा. त्याच्या अगदी समोरचं घर वाजवा. उतरलेलं असेल तर तिथे गजऱ्यावर वरून खाली हातोडीचा हलका घाव, चढलेलं असेल तर गजऱ्याला खालून वर. मग या जोडीला काटकोनात असलेली दोन घरं, मग मधली. एका फेरीत लागणार नाही. तीन फेऱ्या लागतात, नवख्याला पाच. सगळाच तबला बराच उतरला असेल तरच गट्ट्यांना हात लावा, वरून ठोकून ते खाली सरकवले की ताण वाढतो. हातोडी गजऱ्यावरच पडली पाहिजे. चाटेवर एक चुकार घाव बसला तर पुडी गेलीच. पावसाळ्यात दमट हवेने पुडी उतरते, कोरड्या उन्हाळ्यात चढते, त्यामुळे काल लावलेला तबला आज तपासल्याशिवाय वाजवायला बसू नका. हे काम व्हिडिओवरून पुष्कळसं शिकता येतं, कारण चूक-बरोबर सांगायला इथे तानपुरा बसलेला असतो.

तुमच्या जोडीच्या तबल्याचं तोंड साडेपाच इंचाचं आहे, ते काळी एकच्या (पेटीतल्या सप्तकाच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास सुखाने लागतं. बुवा काळी चारमध्ये गातात असं तुम्ही लिहिलंय. तबला ओढून काळी चारवर न्यायच्या फंदात पडू नका, पुडी फाटेल. काळी चार षड्ज धरला तर त्याचा मध्यम म्हणजे काळी एकच. तबला आहे तिथे ठेवा, मध्यमात लागलेला आहे असं समजा. बहुतेक भजनांना चालून जातं. भूप रागासारख्या, मध्यम वर्ज्य असलेल्या चालीत मात्र तो सारखा टोचेल. तिथे पंचम हवा, म्हणजे काळी दोन, म्हणजे आहे त्याहून एक पूर्ण स्वर वर. तुमची पुडी तेवढा ताण सोसेल याची खात्री नाही, म्हणून त्या दिवशी लहान तोंडाचा तबला मंडळातल्या कुणाकडून मागून घ्या.

डग्ग्याकडे वळू. फोनवर तुमचा डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही, हेडफोनवर येतो. यात तुमच्या मनगटाच्या दुखण्याचं निम्मं उत्तर आहे. फोनचा इवलासा स्पीकर खालचे स्वर धडपणे वाजवू शकत नाही. दहा महिने तुम्ही डग्ग्याच्या ज्या 'घे' या बोलाची नक्कल करताय त्यातला घुमारा तुमच्या कानावर पडलेलाच नाही. पडली ती वरची टकटक. ती काढायला हात जोरात मारावा लागतो आणि तुम्ही तो मारताय. साधे वायरचे हेडफोन घ्या, दोन-तीनशेचे चालतील, आणि तोच व्हिडिओ पुन्हा ऐका. डग्गा किती हळू वाजतो आणि किती खोल घुमतो ते बघून चकित व्हाल.

दुसरं निम्मं बैठकीत आहे. क्लिपमध्ये डग्गा तुमच्याकडे कललेला दिसतो, त्यामुळे मनगट मागे मुडपतं आणि त्याच अवस्थेत त्याच्यावर भार येतो. तबला किंचित पुढे कललेला आणि डग्गा जवळजवळ सपाट, अशा चुंबळी बसवा. स्वतःच्या बुडाखाली दोनेक इंचांची उशी घ्या, कोपर मनगटापेक्षा जरा वर येईल. डग्ग्याचं रुंद मैदान आपल्याकडे, शाई पलीकडे. काहीजण तो थोडा फिरवून ठेवतात, तुमचे गुरुजी ठेवतील तसाच ठेवा. मनगटाचा तळ मैदानावर नुसता टेकलेला हवा. बोटांची कमान करून टोकांनी शाईच्या पुढच्या बाजूला घाव द्यायचा आणि बोटं लगेच उचलायची. 'के' आणि 'कत्' हे बंद बोल पंजा सपाट पाडून. मनगट पुढे सरकवून डग्गा बोलता करण्याचा मोह सगळ्यांना होतो, तुम्हालाही झालाय. तो दोन महिने बंद. मनगट टेकवून साधा, गोल घे निघायला लागला की मग मींड, म्हणजे तो सरकता स्वर. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री मनगट ठणकत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. रियाजाचं दुखणं सहन करायचं असतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

क्लिपमधल्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या ध्यानात आलेली नसावी. 'धा धा तिट धा धा तिं ना' यातलं तिट पहिल्या खेपेला तुम्ही मधल्या बोटाने सुरू करून तर्जनीने संपवता. खालीच्या 'ता ता तिट'मध्ये मधलं बोट, अनामिका आणि करंगळी एकत्र पडतात. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन वेगळ्या घराण्यांचे आहेत. पहिलं दिल्लीच्या दोन बोटांच्या, चाटेवर वाजवायच्या पद्धतीचं, दुसरं पूरबेकडच्या (लखनौ-बनारसकडच्या) खुल्या हाताचं. तुम्ही दोन वेगवेगळ्या गुरुजींचे व्हिडिओ बघितलेत, दोघांनी आपापल्या घराण्याचं शिकवलं आणि तुमच्या हातात त्याची भेळ झाली. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस, पंजाब ही सहा घराणी. प्रत्येकाची बोटं थोडी निराळी, आणि व्हिडिओच्या खाली 'हे अमुक घराण्याचं' असं सहसा कुणी लिहीत नाही. मिनिटाला ८० मात्रांच्या चौगुनीत (मात्रेला चार बोल) एका बोलाला १९० मिलिसेकंदसुद्धा मिळत नाहीत. तेवढ्यात कोणतं बोट टाकायचं याचा विचार करायला हाताला सवडच नसते. तुमचा कायदा दुगुनीपर्यंत ठीक जातो आणि चौगुनीत अडखळतो तो इथे. पंढरपूरचे गुरुजी जे तिट देतील ते एकच वाजवा. दुसरं किती गोड वाटलं तरी वर्षभर नाही.

बरेचसे व्हिडिओ समोरून काढलेले असतात, त्यामुळे त्यांचा उजवा हात तुमच्या डावीकडे दिसतो. काही सेल्फी कॅमेऱ्याने काढलेले, ते आरशासारखे उलटे होऊन आलेले असतात. बोटांची नावं लिहून घेताना हा घोटाळा होतो. गुरुजींच्या खांद्यामागून किंवा वरून घेतलेला व्हिडिओ मिळाला तर तोच ठेवा, बाकीचे फक्त ऐकायला.

आता भजन. पत्रात तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागलेलं दिसतंय. क्लिपमधला तीनताल मोजला. सुरुवातीला मिनिटाला ७२ मात्रा, शेवटी ८४. दीड मिनिटात बारा. व्हिडिओबरोबर वाजवताना हे कळत नाही, कारण तिथे लय गुरुजींच्या हातात असते. तुम्ही जरा पुढे गेलात तर त्यांच्या आवाजाने मागे खेचले जाता, मागे राहिलात तर ओढले जाता, आणि जमलं असं वाटतं. भजनात उलट आहे. लय धरायची जबाबदारी तबल्याची. टाळकरी तुमच्याकडे कान लावून आहेत, बुवा ओळीच्या शेवटी श्वास घेणार, आवडलेली ओळ चारदा घोळवणार, मध्येच हात वर करून गजर चढवणार. तुम्ही पळालात की सगळं मंडळ पळतं. बुवांनी बघणं साहजिक आहे.

यावर औषध म्हणजे आधार हळूहळू काढून घेणं. मेट्रोनोम ८० वर लावून ठेका वाजवा, दर मात्रेला ठोका. दोन दिवसांनी तो ४० वर लावा. लय तीच, ठोका मात्र एकाआड एक मात्रेवर. आठवड्याने २० वर. आता दर चौथ्या मात्रेला ठोका, म्हणजे तीनतालाच्या प्रत्येक विभागाच्या पहिल्या मात्रेवरच. मधल्या तीन मात्रा तुमच्या. सुरुवातीला ठोका सारखा उशिरा पडल्यासारखा वाटेल. उशिरा तो नाही, तुम्ही लवकर येताय. पुढची पायरी लेहऱ्याची, म्हणजे तालाबरोबर सारखी फिरणाऱ्या धुनेची. लेहरा लावा, एक आवर्तन (तालाचा पूर्ण फेरा) वाजवून आवाज बंद करा, दुसरं आवर्तन नुसतं वाजवा, मग आवाज सोडा आणि समेवर (पहिल्या मात्रेवर) आहात का बघा. आणि ठाय (मूळ संथ लय), दुगुन, चौगुन करून पुन्हा ठायला या. चढणं सगळ्यांना येतं. उतरल्यावर पहिलीच लय सापडते का, हे क्लिप काढून तपासा.

पढंत तुम्ही करत नाही असं दिसतंय, व्हिडिओवर शिकणारे बहुधा टाळतात. हाताने टाळी-खाली धरून तोंडाने ठेका आणि कायदा म्हणायचा. टाळी पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला, खाली नवव्याला. तोंडात अडखळेल ते हातात अडखळणारच. शाळेत जाता-येता होतं, वेगळा वेळ लागत नाही.

मंडळात पुढचे तीन-चार आठवडे तबल्यावर बसूच नका. टाळ घ्या. बुवांच्या शेजारी बसून नुसता टाळ धरा आणि ते कुठे थांबतात, कुठली ओळ किती वेळा घेतात, गजर कसा उचलतात ते कानात भरा. हे कुठल्याही व्हिडिओत नाही, कारण ते फक्त तुमच्या बुवांचं आहे. टाळ नीट टिकला की 'धागे नाती नक धिन' हा साधा केरवा घेऊन बसा. लग्गी नाही, तिहाई नाही, समेआधी करामत नाही. दोन महिने बुवांना तबला आहे याची आठवण झाली नाही तर तुमची साथ चांगली चालली आहे असं समजा.

ऑनलाइन थेट वर्गाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गुरुजींना सुचवून बघा. महिन्याच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये वीस मिनिटांचा एक व्हिडिओ कॉल मिळाला तर पुष्कळ. त्याची एक मर्यादा आधीच ओळखून ठेवा, म्हणजे दोघांचीही चिडचिड होणार नाही. कॉलवर आवाज पोचायला सहज दोनशे मिलिसेकंद आणि कधी त्याहून जास्त लागतात. ८० च्या लयीत मात्रा ७५० मिलिसेकंदांची. म्हणजे गुरुजींनी तिकडे टाळी दिली आणि तुम्ही तिच्यावर वाजवलंत, तर जाऊन-येऊन चारशे मिलिसेकंद जातात आणि त्यांना तुम्ही अर्ध्या मात्रेहून जास्त मागे ऐकू येणार. एकत्र वाजवता येत नाही. लेहरा तुमच्याकडे लावायचा, तुम्ही चार आवर्तनं वाजवायची, त्यांनी ऐकायची, मग बोलायचं. झूम वापरत असाल तर 'ओरिजिनल साउंड' चालू करा. एरवी ते अ‍ॅप तबल्याची आस (घावानंतर घुमत राहणारा स्वर) गोंगाट समजून कापतं आणि तुमचा ना चांगला असला तरी तिकडे टपच ऐकू जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर कॉलपेक्षा क्लिप बरी, आणि ती व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आवाज कमी दाबला जातो. फोन समोर ठेवू नका. उजव्या खांद्याच्या जरा वर, तीन-चार फुटांवर, दोन्ही पुड्या पूर्ण दिसतील असा. दर चार-पाच क्लिपांमागे एक डावीकडून घ्या, मनगट-कोपराची उंची त्यातच दिसते.

त्या बारा हजारांच्या कोर्सबद्दल. विकणाऱ्याला एकच गोष्ट विचारा: माझं वाजवलेलं कोण ऐकणार, महिन्यातून किती वेळा, आणि उत्तर किती दिवसांत येणार? ठोस उत्तर मिळालं तर विचार करण्यासारखा आहे. तुमच्या जागी गडचिरोलीच्या आतल्या भागातला किंवा परदेशातल्या लहान गावातला कुणी असता, जिथे शिकवणारा माणूसच नाही, तर असा ऐकणारा कोर्स घ्या म्हणून मीच सांगितलं असतं. पण 'दोनशे धडे, आयुष्यभर बघा' एवढंच उत्तर असेल, तर ते फुकट व्हिडिओच आहेत, ओळीने मांडलेले. धड्यांची तुम्हाला वाण नाही. तुम्हाला कान हवाय.

गुरुजींकडे पहिल्या खेपेला दोन कायदे ऐकवायच्या भानगडीत पडू नका. तीनताल ठाय लयीत, तीन मिनिटं. ते मध्येच थांबवतील, हात धरतील. 'व्हिडिओत असं दाखवलंय' हे वाक्य सांगोल्यालाच ठेवून जा. शंका असेल तर 'अनामिका इथे ठेवली तर काय बिघडतं?' असं विचारा, बहुतेक गुरुजी खुलून सांगतात. जोडी बसमध्ये वाहून नेऊ नका, त्यांच्याच तबल्यावर वाजवा. नीट लावलेल्या तबल्यावर आपला हात कसा वाटतो हेही कळतं. शेवटची पाच मिनिटं रेकॉर्ड करायची परवानगी मागा. त्यांची पढंत आणि त्याच धड्याचा त्यांचा हात, एवढंच पुरे. पंधरा दिवस तुम्ही बघायचा व्हिडिओ तो. वहीत बोल लिहिताना समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे अशी खूण घाला, कारण महिन्याभराने नुसते बोल वाचून विभाग कुठे पडला ते आठवत नाही.

समोर बसलेला प्रत्येकजण शिकवतोच असंही समजू नका. दर खेपेला मागचं न ऐकता नवा कायदा मिळायला लागला, किंवा पहिल्याच महिन्यात परीक्षेचा फॉर्म पुढे आला, तर सावध व्हा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा चांगल्या आहेत, टाळी देऊन ठेका म्हणावा लागतो हा त्यातला मोठा फायदा. पण हात सुटायच्या आत प्रारंभिक या पहिल्या परीक्षेचा अभ्यासक्रम डोक्यावर घेतला की पुन्हा पाठांतरच होणार, आणि पाठांतर तुम्हाला आधीच येतंय. ज्यांनी एकदा ऐकून 'हात सोडवावा लागेल' असं सांगितलं ते त्यातले वाटत नाहीत.

रोज पाऊण तास पुरेल. पाच मिनिटं तबला तपासणं, पाच मिनिटं नुसता ना, दहा मिनिटं घे आणि के, पंधरा मिनिटं एकच ठेका मेट्रोनोमवर, उरलेली दहा गुरुजींनी दिलेल्या धड्याला. कायदे दोन महिने बंद, पढंतीत चालू. व्हिडिओ जेवणानंतर, हात रिकामे असताना, हेडफोन लावून. साथीचं वादन ऐका, ठेका भरताना तबलजी किती कमी वाजवतो तिकडे कान ठेवा.

तीन महिन्यांनी हीच क्लिप पुन्हा काढा. तीच खोली, तोच फोन, त्याच जागी, ७२ च्या लयीत दीड मिनिट तीनताल. पहिल्या पंधरा सेकंदांची आणि शेवटच्या पंधरा सेकंदांची लय मोजा. फरक चार मात्रांच्या आत आला असेल तर मंडळात साध्या केरव्याच्या पुढे जायला हरकत नाही.

ता. क. शाईला बारीक भेगांचं जाळं दिसतं म्हणून पुडी बदलू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. बदलू नका. तशा भेगा शाईला असतातच, त्यांच्यामुळेच ती पुडीबरोबर हलू शकते. शाईचा तुकडा सुटून ना वाजवताना खरखर यायला लागली, किंवा कड उचलली गेली, तरच पुडी बदलायची. तोवर तेल नको, पाण्याचा हात नको, घामासाठी बोटांना चिमूटभर पावडर आणि वाजवून झालं की वर कापडी झाकण.